प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टमची तुलना स्वतः कशी करायची: नवख्यांसाठी बेंचमार्किंग

नवीन लॅपटॉप घ्यायचा असो, सर्व्हर निवडायचा असो किंवा विंडोजवरून लिनक्सवर गेलो तर मशीन खरंच फास्ट होईल का हा प्रश्न असो, बहुतेक जण आधी नेटवर बेंचमार्कचे, म्हणजे वेग मोजायच्या टेस्टचे, स्कोअर शोधतात, दोन आकडे शेजारी ठेवतात आणि मोठा आकडा जिंकला असं ठरवून मोकळे होतात. त्यात गडबड अशी की तो आकडा एकट्या चिपचा कधीच नसतो. चिप, तिला मिळणारी वीज, कूलिंग, रॅम, बायोसची (मशीन सुरू होताना चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) सेटिंग्ज, ऑपरेटिंग सिस्टम, ड्रायव्हर, तो प्रोग्रॅम ज्या कंपायलरने बनवला तो कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर), या सगळ्यांचा मिळून तो एक आकडा येतो. म्हणून तुलना करायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं. खाली जे काही लिहिलंय ते हे एक काम नीट कसं करायचं त्याबद्दलच आहे. कॉम्प्युटर सायन्स शिकलेलं असायची गरज नाही, थोडा वेळ आणि चिकाटी मात्र लागेल.

पायरी १: प्रश्न लिहून काढा

खरंच लिहा, कागदावर किंवा नोट्समध्ये. "कुठला प्रोसेसर भारी" हा प्रश्न मोजता येत नाही. "माझा व्हिडिओ एक्सपोर्ट व्हायला या दोनपैकी कुठल्या मशीनवर कमी वेळ लागतो" हा येतो. "लिनक्स फास्ट की विंडोज" हा येत नाही, पण "याच लॅपटॉपवर माझा प्रोजेक्ट कंपाइल व्हायला दोन्हीकडे किती सेकंद लागतात" हा येतो. प्रश्न असा नेमका झाला की कुठली टेस्ट चालवायची, काय बदलायचं आणि काय हलवायचं नाही हे जवळजवळ आपोआप ठरतं.

यातच आणखी एक ठरवा, की तुम्हाला एक काम लवकर संपायला हवंय की एका तासात जास्तीत जास्त कामं व्हायला हवीत. ब्राउझर उघडणं, एक्सेलची मोठी शीट रिकॅल्क्युलेट होणं यात एका कोअरचा (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एका भागाचा) स्पीड महत्त्वाचा. शंभर फोटो एकदम कन्व्हर्ट करणं, थ्रीडी रेंडर (मॉडेलवरून चित्र बनवणं), सर्व्हरवर खूप लोकांच्या रिक्वेस्ट, इथे सगळे कोअर मिळून किती काम उपसतात ते बघायचं. आणि कोअर दुप्पट केले की स्पीड दुप्पट होईल असं धरून चालू नका, १९६७ पासून अ‍ॅमडाहलचा नियम हेच सांगतोय. कामाचा फक्त ५ टक्के भाग असा असेल की तो एकापाठोपाठ एकच करावा लागतो, तर १६ कोअर लावले तरी काम साधारण ९ पटच फास्ट होतं, आणि कितीही हजार कोअर लावा, २० पटीच्या पुढे ते जाऊच शकत नाही.

पायरी २: टेस्ट निवडा

सगळ्यात चांगला बेंचमार्क म्हणजे तुमचं स्वतःचं काम. रोज ब्लेंडर वापरता तर ब्लेंडरची एक फाइल रेंडर करा आणि वेळ मोजा, रोज कोड कंपाइल करता तर तोच कोड कंपाइल करा. यापेक्षा खरं उत्तर कुठलाच रेडीमेड स्कोअर देणार नाही. पण दुसऱ्यांच्या मशीनशी ताडून बघायचं असेल किंवा अजून हातात मशीनच नसेल तर रेडीमेड बेंचमार्क लागतात, आणि तेव्हा कुठला बेंचमार्क काय मोजतो हे माहीत असायला हवं.

गीकबेंच सगळ्यात पटकन होतो, फोनपासून डेस्कटॉपपर्यंत सगळीकडे चालतो. त्याची ६ वी आवृत्ती २०२३ मध्ये आली, त्यात इंटेल कोअर आय७-१२७०० ला २५०० गुण धरून बाकीच्यांचे गुण काढतात. ५ व्या आवृत्तीत आधार वेगळा होता, कोअर आय३-८१०० ला १००० गुण. म्हणजे गीकबेंच ५ चा स्कोअर आणि गीकबेंच ६ चा स्कोअर शेजारी ठेवण्यात काहीच अर्थ नाही, तरी लोक ठेवतात. शिवाय ६ मध्ये मल्टिकोअरची पद्धतच बदलली, आधी प्रत्येक कोअरला स्वतःचं वेगळं काम मिळायचं, आता सगळे कोअर मिळून एकच काम वाटून घेतात, त्यामुळे खूप कोअर असलेल्या चिपचा स्कोअर आता तेवढा फुगत नाही. रोजच्या वापराला हे जास्त जवळचं आहे असं मला वाटतं, पण रेंडर फार्म किंवा सर्व्हरसाठी हा आकडा बघू नका. आणखी एक, गीकबेंच छोट्या छोट्या तुकड्यांत चालतो, त्यामुळे तापल्यावर मशीन किती मंदावतं हे त्यात फारसं दिसत नाही.

ते बघायला सिनेबेंच घ्या. मॅक्सन कंपनीचा हा बेंचमार्क एक सीन रेंडर करतो, आर२३ पासून तो डिफॉल्टमध्ये किमान १० मिनिटं चालत राहतो आणि मग लॅपटॉपचं कूलिंग उघडं पडतं. इथेही आवृत्ती बघायचीच, आर२३ चे आकडे हजारांत येतात आणि २०२४ आवृत्तीचे त्याहून खूप लहान, कारण आतलं रेंडर इंजिनच वेगळं आहे. पण सिनेबेंच म्हणजे रेंडरिंग. रॅम आणि मोठ्या डेटाशी झुंजणारं काम त्यात कमी असतं, म्हणून एखादी चिप सिनेबेंचमध्ये पुढे आणि तुमच्या डेटाबेसवर मागे, असं सहज होऊ शकतं.

सेव्हन-झिपमध्ये बेंचमार्क आतच दिलेला असतो, फुकट आहे आणि एका क्लिकवर चालतो. कॉम्प्रेस आणि डिकॉम्प्रेस असे दोन वेगळे आकडे येतात. कॉम्प्रेसमध्ये रॅमची लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) आणि कॅशेचा (प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीचा) हिशोब मोठा, डिकॉम्प्रेसमध्ये कोअर ब्रँचेसचा, म्हणजे कोड पुढे कुठल्या वाटेने जाणार याचा, अंदाज किती चांगला बांधतो ते दिसतं. रॅमची एकच स्टिक लावलीय की दोन, हा फरकही कॉम्प्रेसच्या आकड्यात बऱ्याचदा जाणवतो.

लिनक्सवर थोडं जमायला लागलं की फोरोनिक्स टेस्ट सूट बघाच. ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅकओएस आणि बीएसडीवरही चालतो, शेकडो टेस्ट आहेत आणि मला त्याची सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की तो प्रत्येक टेस्ट अनेकदा चालवतो आणि आकडे फार हलत असतील तर स्वतःहून आणखी रन घेतो.

आणि व्यावसायिक पातळीवर स्पेक सीपीयू. स्पेक ही संस्था १९८८ मध्ये उभी राहिली, त्यांचा प्रसिद्ध संच सीपीयू २०१७, त्यात ४३ बेंचमार्क आहेत. तो विकत घ्यावा लागतो, चालायला तासन्‌तास लागतात, त्यामुळे नवख्याने चालवायची गरज नाही, पण कंपन्यांचे प्रसिद्ध झालेले निकाल स्पेकच्या साइटवर कुणालाही वाचता येतात. ते वाचताना दोन जोड्या लक्षात ठेवा. स्पीड म्हणजे एक काम किती लवकर, रेट म्हणजे एकाच वेळी अनेक प्रती चालवून एकूण किती काम. बेस म्हणजे एका भाषेतल्या सगळ्या टेस्टना सारखीच कंपायलर सेटिंग्ज, पीक म्हणजे प्रत्येक टेस्टसाठी वेगळी घासूनपुसून लावलेली सेटिंग्ज. तुलना करताना बेसला बेस आणि रेटला रेट.

एका गोष्टीवर मात्र अजिबात निर्णय घेऊ नका, ती म्हणजे प्रोसेसरचं क्लॉक, दर सेकंदाला किती सायकल होतात ते सांगणारे गिगाहर्ट्‌झ. २००० च्या नोव्हेंबरमध्ये पेंटियम ४ आला तो १.४ आणि १.५ गिगाहर्ट्‌झचा, आणि कितीतरी कामांत १ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ३ त्याच्या बरोबरीने किंवा पुढे पळायचा, कारण एका सायकलमध्ये तो जास्त काम उरकायचा. एका सायकलमध्ये किती सूचना पार पडतात याला आयपीसी म्हणतात, आणि आयपीसी गुणिले क्लॉक असा हिशोब असतो, एकटं क्लॉक बोलत नाही. लिनक्सवर पर्फ स्टॅट नावाचा टूल लावून प्रोग्रॅम चालवला तर हा आयपीसी स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतो, एकदा तरी बघा, त्याने खूप गोष्टींचा उलगडा होतो.

पायरी ३: मशीन तयार करा

इथे घाई केली की पुढचे सगळे आकडे वाया.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावा, कारण बॅटरीवर बरीच मशीन्स स्वतःहून हळू होतात. टणक सपाट टेबलावर ठेवा, गादीवर नको. विंडोजमध्ये पॉवर मोड कुठला आहे तो बघा, लिनक्समध्ये सीपीयूचा गव्हर्नर (क्लॉक किती ठेवायचं ते ठरवणारं धोरण) कुठला आहे तो बघा, परफॉर्मन्स की पॉवरसेव्ह की शेडयुटिल. बेस्ट परफॉर्मन्स लावायचा की डिफॉल्ट ठेवायचा हे तुमच्या प्रश्नावर आहे. मशीन डब्यातून काढल्यावर कसं वागतं हे जाणून घ्यायचं असेल तर डिफॉल्टच बरोबर, चिपची पूर्ण ताकद बघायची तर परफॉर्मन्स. दोन्ही मशीनवर एकच धोरण ठेवा, एवढंच.

मग पॉवर लिमिट. ही गोष्ट नवख्यांना कुणीच सांगत नाही आणि लॅपटॉपच्या तुलनेत सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. इंटेलच्या चिपला साधारण दोन मर्यादा असतात, थोड्या वेळासाठी चालणारी मोठी आणि कायमची लहान. पहिली काही सेकंदं चिप दणकून वीज खाते आणि पळते, मग खाली येते. या मर्यादा किती ठेवायच्या ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. म्हणजे चिपचं नाव अगदी तेच असलं तरी पातळ लॅपटॉपमधली चिप आणि जाड लॅपटॉपमधली चिप लांबलेल्या कामात चांगलीच वेगळी वागतात. म्हणून स्कोअर वाचताना नुसत्या चिपचं नाव वाचून उपयोग नाही, कुठल्या मशीनमधली चिप ते बघा. स्वतः टेस्ट करताना विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो, लिनक्सवर टर्बोस्टॅट, मॅकवर पॉवरमेट्रिक्स बाजूला चालू ठेवा, क्लॉक किती, तापमान किती, वॉट किती हे दिसत राहतं. दहा मिनिटांच्या टेस्टमध्ये दुसऱ्या मिनिटाला क्लॉक पडलं तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

रॅम किती, किती स्टिक, कुठला स्पीड हे टिपून घ्या. डेस्कटॉपवर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल चालू नसेल तर महागडी रॅमसुद्धा तिच्या छापील स्पीडपेक्षा हळू चालते.

मागे काय काय चालू आहे ते बंद करा. अपडेट, क्लाउड सिंक, ब्राउझरचे चाळीस टॅब, सगळं. नव्याने इन्स्टॉल केलेली सिस्टम असेल तर तिला निवांत बसू द्या, विंडोज सर्च आणि मॅकचा स्पॉटलाइट सुरुवातीला सगळ्या फाइल्सची अनुक्रमणिका बनवत बसतात आणि तोपर्यंत घेतलेला कुठलाही आकडा खोटाच येतो. टास्क मॅनेजर किंवा टॉप उघडून सीपीयू एक-दोन टक्क्यांवर शांत झाला की मगच सुरू करा.

पायरी ४: रन घ्या, एकदा नाही

कमीत कमी पाच रन. पहिला बहुतेक वेळा बाजूला काढायचा, कारण पहिल्या वेळेला फाइल डिस्कवरून वाचावी लागते आणि नंतर ती रॅममधल्या कॅशेतूनच मिळते, दोन्हीतला फरक कित्येक पट असू शकतो. थंड सुरुवात हेच तुम्हाला मोजायचं असेल तर उलट प्रत्येक रनआधी मशीन रीस्टार्ट करा, पण मग सगळे रन तसेच.

दोन मशीनची किंवा दोन सेटिंगची तुलना असेल तर एकाचे पाच आणि मग दुसऱ्याचे पाच असं करू नका, आलटून पालटून घ्या. खोली तापत जाते, मशीन तापतं, आणि जे नंतर चाललं त्याच्यावर विनाकारण अन्याय होतो.

कमांड लाइनवरच्या कामासाठी हायपरफाइन नावाचा छोटा टूल आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतो, वॉर्मअप रन घेतो, मग बरेच रन घेऊन सरासरी आणि फरकाची रेंज दोन्ही देतो, सुरुवातीला एवढा टूल पुरतो. पॉवरशेलमध्ये मेझर-कमांड आहे, लिनक्स आणि मॅकवर साधी टाइम कमांड आहे.

त्या टाइम कमांडबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. ती तीन आकडे देते, रिअल, युजर आणि सिस. रिअल म्हणजे घड्याळाप्रमाणे गेलेला वेळ. युजर म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कोडने खाल्लेला प्रोसेसरचा वेळ, सगळे कोअर मिळून. सिस म्हणजे त्या प्रोग्रॅमच्या वतीने कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने, खाल्लेला वेळ. युजर हा रिअलपेक्षा मोठा आला तर समजायचं काम अनेक कोअरवर वाटलं गेलं. रिअल मोठा आणि युजर, सिस दोन्ही लहान, तर प्रोसेसर बहुतेक डिस्कची किंवा नेटवर्कची वाट बघत बसलाय, तिथे नवीन प्रोसेसर घेऊन काही होणार नाही. आणि सिस मोठा असेल तर तिथे ऑपरेटिंग सिस्टम बदलल्याने फरक पडण्याची शक्यता खरी आहे. एका फुकटच्या कमांडमध्ये एवढी माहिती असते आणि लोक फक्त पहिला आकडा बघून पुढे जातात.

आता आकड्यांचं काय करायचं. समजा एका मशीनवर ४१, ४२, ४१, ४४, ४२ सेकंद आले आणि दुसऱ्यावर ४१, ४०, ४३, ४१, ४२. सरासरीत ०.६ सेकंदाचा फरक दिसेल, पण एकाच मशीनचे आकडे तीन सेकंदांच्या पट्ट्यात हलतायत, म्हणजे ही बरोबरी आहे आणि बरोबरीच लिहा. दोन टक्क्यांच्या फरकावर भांडणं होतात ती बहुतेक याच कारणाने. हा फरक किती क्षुल्लक गोष्टींनी पडू शकतो ते बघायचं असेल तर २००९ सालचं एक संशोधन आहे, त्यात दाखवलं होतं की लिनक्समधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची (प्रोग्रॅमला सिस्टमकडून मिळणाऱ्या सेटिंग्जची) लांबी बदलली, किंवा प्रोग्रॅमचे तुकडे लिंक करायचा क्रम बदलला, तरी त्याच प्रोग्रॅमचा वेळ बदलतो, कारण मेमरीत गोष्टी किंचित इकडे-तिकडे सरकतात. म्हणून लहान फरकाला लहानच म्हणायचं.

पायरी ५: ऑपरेटिंग सिस्टमची तुलना

प्रोसेसरपेक्षा हे कितीतरी नाजूक काम आहे, त्यामुळे इथे जास्त वेळ घालवू.

पहिला नियम, मशीन एकच. ड्युअल बूट करा, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही सिस्टम टाका, शक्यतो सारख्याच दोन एसएसडीवर, नाहीतर एकाच एसएसडीवर दोन पार्टिशन. व्हर्च्युअल मशीनमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) लिनक्स टाकून ते बाहेरच्या विंडोजपेक्षा हळू आहे म्हणणं बरोबर नाही. तसंच विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल २ ला लिनक्सचा आकडा म्हणू नका, त्यात खरा लिनक्स कर्नल चालतो हे खरं, पण विंडोजच्या ड्राइव्हवरच्या फाइल्स त्यातून वापरायला गेलात की वेग फार पडतो, फाइल्स लिनक्सच्या आतल्या डिस्कवर ठेवल्या की बराच सुधारतो. मॅक आणि पीसीची तुलना म्हणजे चिप आणि सिस्टम दोन्ही एकदम बदलले, त्यातून मॅकओएस फास्ट की विंडोज याचं उत्तर मिळत नाही. आणि ॲपलच्या एम मालिकेवर इंटेलसाठी बनवलेलं ॲप चालवलं तर ते रोझेटा २ मधून भाषांतर होऊन चालतं, त्यामुळे ॲप नेटिव्ह, म्हणजे त्याच चिपसाठी बनवलेलं, आहे का ते आधी ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये तपासा.

दुसरा नियम, सॉफ्टवेअर दोन्हीकडे तेच आणि त्याच आवृत्तीचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. सेव्हन-झिपचंच घ्या, लिनक्ससाठी अधिकृत सेव्हन-झिप २०२१ मध्ये आलं, त्याआधी आणि त्यानंतरही बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार रूपांमध्ये) पी-सेव्हन-झिप १६.०२ होतं, म्हणजे २०१६ चा कोड. विंडोजवर ताजं सेव्हन-झिप आणि लिनक्सवर हे जुनं, आणि निष्कर्ष काय तर विंडोज जिंकलं. इथे दोन सिस्टमची तुलना झालीच नाही, एकाच प्रोग्रॅमच्या जुन्या आणि नव्या कोडची झाली. कंपायलरचंही तसंच. कुणी ओ२ ही कंपायलरची सेटिंग लावून बनवलेला प्रोग्रॅम आणि कुणी त्याहून आक्रमक ओ३ आणि नव्या प्रोसेसरच्या सूचना लावून बनवलेला, यांचा वेग एकाच मशीनवर वेगळा येतो. इंटेलने बनवलेलं क्लिअर लिनक्स अनेक वर्षं तुलनांमध्ये पुढे दिसायचं त्यात अशा आक्रमक सेटिंग्जचा मोठा वाटा होता, लिनक्स कर्नल तर सगळ्याच डिस्ट्रोंमध्ये असतो.

तिसरी गोष्ट, फरक कुठे शोधायचा. रेंडरिंग, एन्कोडिंग, मोठी आकडेमोड यांत प्रोग्रॅम कर्नलला फार हाक मारत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर खरंच सारखं असेल तर विंडोज आणि लिनक्सचे आकडे सहसा जवळजवळ येतात, आणि खूप लांब आले तर आधी पॉवर मोड आणि आवृत्ती पुन्हा तपासा. फरक दिसतो तो हजारो छोट्या फाइल्स उघडण्या-बंद करण्यात, नवीन प्रोसेस सुरू करण्यात, मेमरी मागण्यात, नेटवर्कमध्ये आणि कामं कोअरवर वाटण्यात. विंडोजवर नवीन प्रोसेस सुरू करणं लिनक्सपेक्षा जड आहे, म्हणून शेकडो छोट्या कमांड एकामागोमाग चालवणाऱ्या बिल्ड स्क्रिप्ट तिथे रेंगाळतात. त्यात विंडोजचा डिफेंडर प्रत्येक फाइल तपासतो. तो बंद करून मोजायचं का? माझं म्हणणं, लोक ज्या अवस्थेत वापरतात त्या अवस्थेत एकदा मोजा, मग फक्त टेस्टच्या फोल्डरला सूट देऊन दुसऱ्यांदा मोजा, आणि दोन्ही आकडे द्या. वाचणाऱ्याला कर्नलचा भार किती आणि अँटिव्हायरसचा किती हे वेगळं कळतं.

डिस्कच्या टेस्टमध्ये एक मोठा सापळा आहे. प्रोग्रॅमने डेटा लिहिला म्हणजे तो डिस्कवर पोचला असं नसतं, तो आधी रॅममध्ये राहतो. प्रोग्रॅम एफसिंक करून सांगतो की आता पक्का लिही. पण मॅकओएसवर साधा एफसिंक डेटा ड्राइव्हकडे सोपवतो, ड्राइव्हच्या स्वतःच्या कॅशेतून तो कायमचा लिहिला गेला याची हमी देत नाही, त्यासाठी एफ-फुलएफसिंक नावाची वेगळी मागणी करावी लागते. लिनक्सवर साधा एफसिंक नेहमीच्या फाइल सिस्टमवर ड्राइव्हची कॅशेही रिकामी करायला लावतो. आता एकच डेटाबेस टेस्ट दोन्हीकडे चालवली आणि मॅक खूप पुढे दिसला तर तो जास्त पळाला की त्याने कमी काम केलं, हे तपासल्याशिवाय काहीही लिहू नका. लिनक्समध्येच ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस या फाइल सिस्टम वेगवेगळ्या वागतात, त्यामुळे कुठली होती ते नोंदवा.

सुरक्षेच्या दुरुस्त्यांचंही पाहा. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष जाहीर झाले, त्यावरच्या उपायांनी कर्नलमध्ये जाणं-येणं महाग झालं, आणि कर्नलला वारंवार हाक मारणारी कामं जास्त हळू झाली, शुद्ध आकडेमोडीला फारसं काही झालं नाही. कुठल्या प्रोसेसरला कुठले उपाय लागतात ते वेगवेगळं आहे. लिनक्सवर एलएससीपीयू कमांड दिली की शेवटी यादी येते, ती निकालाबरोबर ठेवा. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटेग्रिटी ही सुरक्षेची सेटिंग चालू आहे की बंद ते बघा, काही गेम्समध्ये तिचा भार जाणवतो. हे उपाय बंद करून जास्त आकडा मिळवता येतो, पण रोजच्या मशीनवर ते बंद ठेवू नका.

आणि शेड्युलर, म्हणजे कामं कोअरवर वाटणारा सिस्टमचा भाग. इंटेलच्या १२ व्या पिढीपासून, म्हणजे २०२१ पासून, एकाच चिपमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर येऊ लागले. कुठलं काम मोठ्या कोअरला आणि कुठलं छोट्याला हे ऑपरेटिंग सिस्टम ठरवते, ते चुकलं तर तीच टेस्ट एका रनमध्ये भलतीच हळू येते. आकडे दोन गठ्ठ्यांत पडताना दिसले, काही ३० च्या आसपास आणि काही ४५ च्या, तर याचा संशय घ्या. सिस्टम नवी असतानाही असं काही निघतं, विंडोज ११ आलं तेव्हा ऑक्टोबर २०२१ मध्ये रायझन प्रोसेसरवर एल३ कॅशेची लेटन्सी वाढत होती, एएमडीने स्वतःच सांगितलं होतं की काही ॲप्स ३ ते ५ टक्के आणि काही गेम्स १० ते १५ टक्क्यांपर्यंत हळू होऊ शकतात, आणि त्याच महिन्यात दुरुस्ती आली. दुरुस्तीच्या आधीच्या आठवड्यात घेतलेले आकडे नंतर कुणी वापरले तर चिपवर उगाच ठपका बसतो. म्हणून तारीख आणि बिल्ड नंबर.

पायरी ६: अनेक टेस्टचा एक आकडा काढायचा असेल तर

शक्यतो काढू नका, प्रत्येक टेस्ट वेगळी दाखवा. काढायचाच असेल तर साधी सरासरी नको. समजा पहिल्या टेस्टला मशीन अ ला १० सेकंद आणि ब ला २०, दुसऱ्या टेस्टला अ ला २० आणि ब ला १०. उघड बरोबरी आहे. पण अ ला आधार धरून गुणोत्तरं काढली तर २ आणि ०.५, सरासरी १.२५, म्हणजे अ २५ टक्के पुढे. ब ला आधार धरलं तरी २ आणि ०.५, सरासरी १.२५, आता ब पुढे! गुणोत्तरांची भूमितीय सरासरी (इथे दोघांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ) घेतली की दोन्हीकडून उत्तर १ येतं, स्पेकही तीच वापरते. एकूण लागलेला वेळ थेट बेरीज करून सांगितला तरी चालतं, जर त्या टेस्ट तुमच्या कामात खरंच त्याच प्रमाणात येत असतील तर.

वेळेबरोबर वीजही मोजता आली तर फार उत्तम. १०० वॉटवर ६० सेकंद म्हणजे ६००० ज्यूल, ६० वॉटवर ९० सेकंद म्हणजे ५४०० ज्यूल. दुसरं मशीन हळू आहे, पण काम कमी विजेत उरकतं, आणि बॅटरीवर चालणाऱ्या किंवा चोवीस तास चालू असणाऱ्या मशीनला हेच महत्त्वाचं ठरू शकतं.

पायरी ७: दुसऱ्यांचे आकडे वाचताना

ग्राफ दिसला की आधी बघा, मोठा आकडा चांगला की लहान, आणि आडवी पट्टी शून्यापासून सुरू होते का. ९० पासून सुरू केलेल्या ग्राफमध्ये ९५ आणि १०० यात दुप्पट फरक दिसतो.

कंपनीने स्वतः दिलेला आकडा असेल तर तळटीप वाचाच, समोरच्या चिपला किती वॉट दिले होते, कुठली रॅम होती, हे बारीक अक्षरात असतं. बेंचमार्क ओळखून तेवढ्यापुरतं पळण्याचे प्रकारही झालेत. २०१३ मध्ये सॅमसंग गॅलेक्सी एस४ ठरावीक बेंचमार्क ॲप्स उघडली की क्लॉक वाढवतो हे उघड झालं होतं. २०२२ मध्ये सॅमसंगच्याच काही गॅलेक्सी फोनचे निकाल गीकबेंचने यादीतून काढले, कारण गेम्स आणि इतर ॲप्सवर लगाम होता, बेंचमार्कवर नव्हता. आणि २०२४ च्या सुरुवातीला स्पेकने सीपीयू २०१७ चे २६०० पेक्षा जास्त निकाल ग्राह्य नाहीत असं जाहीर केलं, इंटेलच्या कंपायलरच्या काही आवृत्त्यांमध्ये एका ठरावीक टेस्टचा कोड आधीच माहीत असल्यासारखी सुधारणा बसवलेली होती म्हणून. म्हणून कुठल्याही एका टेस्टवर सगळा भरवसा टाकू नका, वेगवेगळ्या प्रकारच्या तीन-चार टेस्ट बघा, आणि त्यातली एक तरी कुठलंही खरं ॲप असू द्या.

पायरी ८: नोंद

रन संपल्या संपल्या एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून टाका, नंतर आठवत नाही. मशीनचं पूर्ण मॉडेल, चिप, रॅम किती स्टिक आणि कुठल्या स्पीडची, बायोसची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टमचा बिल्ड किंवा कर्नलचा नंबर, फाइल सिस्टम, पॉवर मोड, चार्जर होता की नाही, बेंचमार्कची आवृत्ती, तारीख, आणि सगळे रन, नुसती सरासरी नको. कुणी दुसऱ्याने ही फाइल वाचून तेच मशीन घेतलं तर त्याला जवळपास तेच आकडे यायला हवेत, तुमची नोंद पुरेशी आहे का हे यावरून ठरवा. आणि टेस्टसाठी वापरलेली व्हिडिओची, ब्लेंडरची किंवा कोडची फाइल जपून ठेवा, पुढच्या बायोस किंवा कर्नल अपडेटनंतर मशीन हळू झाल्यासारखं वाटलं तर हीच फाइल पुन्हा चालवून दहा मिनिटांत कळेल की खरंच झालंय का.